गाळलेल्या तीन ओळी

प्रिय ताई,

पत्र मी चोरून उघडलं, हे तू आता पुन्हा लिहू नकोस. एका पानात चार वेळा लिहिलंयस. ‘मी बाईंना लिहिलं होतं, तुला नाही.’ कबूल. पण बाईंना आलेली पत्रं बाई स्वतः फोडत नाहीत गं. रोज दीड-दोनशे येतात. त्या पाकिटं फोडत बसल्या तर सभागृहात बोलायला कोण जाणार? त्यासाठी माणूस ठेवलेला असतो आणि तो माणूस मी होतो. तुला हे माहीत नव्हतं, कारण मी कधी सांगितलं नाही आणि तू कधी विचारलं नाहीस. तुझ्या मते मी तिथे चहा फिरवत होतो. पहिले आठ महिने फिरवलाही. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसलोय. कागद विकतचा आहे, ऑफिसचा नाही, तेवढं आधीच सांगून ठेवतो.

माझं काम काय होतं ते एकदा नीट ऐक, म्हणजे पुढचं कळेल. बाई आपल्या भागातून निवडून राजधानीत आल्या. त्यांच्या ऑफिसात तीन खोल्या. आत बाई, मध्ये सचिवसाहेब आणि बाहेर आम्ही बाकीचे. त्यात दोन शिकलेली पोरं, कायद्याचे कागद वाचणारी. एक क्लिपवाली, ती बाईंच्या भाषणाचे तुकडे कापून लोकांच्या फोनवर सोडते. आणि दाराशी माझं टेबल. त्याचा एक पाय आखूड, त्याखाली मी गेल्या वर्षीचा अर्थसंकल्प दुमडून ठेवला होता, तेव्हापासून ते हललं नाही. झालं असं की एकदा त्या पोरांना एक पत्र लागेना. कुठल्याशा आजीबाईंचं होतं, पेन्सिलीनं लिहिलेलं, ओळीवर ओळ चढलेली. मी कप ठेवता ठेवता सगळं वाचून दाखवलं. त्यांना छापील वाचता येतं, मला वाकडं वाचता येतं, कारण माझं स्वतःचं तसंच आहे. त्या दिवसापासून माझं नाव भिंग पडलं आणि चहाचं काम सुटलं. पत्र फोडायचं, वाचायचं, वर एका ओळीत लिहायचं, कोण, कुठला, काय मागतोय. आठवीत शाळा सोडलेल्याला टेबल मिळालं, खुर्ची मिळाली, स्वतःचा शिक्का मिळाला. तू म्हणतेस मी कुठे टिकत नाही. सात नोकऱ्या धरल्या-सोडल्या हे खरं. पण इथे दोन वर्षं टिकलो, हे बाबांना सांगितलंस का कधी?

आता विधेयकाचं. धुळीच्या कामात ज्यांची छाती गेली त्यांना सरकारनं दर महिन्याला भत्ता द्यायचा, असा कायदा येतोय. खाणवाले, काचवाले, चिनीमातीवाले, सगळे त्यात. कायदा चांगलाच आहे, घोडं अडलंय ते कलम नऊपाशी. कलम नऊ म्हणतं, मालकाचा दाखला आणा, की हा माणूस अमुक वर्षं आमच्याकडे कामाला होता. बाबांचा कारखाना बंद पडून अकरा वर्षं झाली. मालकानं भट्ट्या भंगारात घातल्या, हजेरीची पुस्तकं कुठे गेली देव जाणे. बावीस वर्षं बाबांनी वॉशबेसिनं घासली, आता दाखला काय बेसिन देणार? म्हणून बाईंनी दुरुस्ती मांडली, चौदा नंबरची. कारखाना बंद झालेला असेल तर बरोबरीच्या दोन कामगारांनी शपथेवर सांगितलं तरी धरावं. एवढंच एक वाक्य. त्या एका वाक्यासाठी सचिवसाहेब सहा आठवडे या दारातून त्या दारात फिरले. समोरच्या बाजूचं म्हणणं असं की, मग उद्या कोणीही उठेल आणि दोन दोस्त घेऊन येईल.

तुला आठवतं, बाबा संध्याकाळी घरी यायचे ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे? भुवया पांढऱ्या, कान पांढरे. मी त्यांच्या हातावर बोटानं माझं नाव लिहायचो आणि ते नळाकडे निघाले की भोकाड पसरायचो, नाव पुसलं जातंय म्हणून. मग ते तेवढा हात वर धरून बाकीचं अंग धुवायचे. तीच धूळ ती. आपण खेळलो तिच्याशी.

तर तुझं पत्र आलं ते मंगळवारी. पाकिटावरचं अक्षर बघूनच मला कळलं. मला वाटलं, मलाच लिहिलंय, ऑफिसच्या पत्त्यावर. आत बघतो तर ‘माननीय प्रतिनिधी यांस’. तिथे थांबायला हवं होतं म्हणतेस. कदाचित हवं होतं. पण माझ्या टेबलावर आलेलं पाकीट मी न वाचता पुढे ढकलू शकत नाही, तसा नियम आहे. वाचलं. दोनदा वाचलं. आणि वर एक ओळ लिहायच्या ऐवजी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. तीन दिवस ते खिशात होतं. शर्ट धुतला तेव्हा दुसऱ्या शर्टाच्या खिशात.

शुक्रवारी सचिवसाहेबांनी सांगितलं, दुरुस्तीवर बोलायला बाईंना तीन मिनिटं मिळालीत. तीन मिनिटं झाली की अध्यक्ष घंटा वाजवतात, मग तुमचं घर जळत असलं तरी खाली बसायचं. बाईंची पद्धत अशी की दोन मिनिटं कायद्याचं बोलायचं आणि एक मिनिट कुणाचं तरी पत्र वाचायचं. क्लिपवालीला तेच मिनिट हवं असतं. तिचं मत, आकडे ऐकायला माणूस थांबत नाही, माणसाचं ऐकायला थांबतो, तेही चाळीस सेकंद. मी चाळीस पत्रं काढून टेबलावर मांडली. एक खाणीतल्या विधवेचं होतं, एका काचवाल्याच्या मुलाचं होतं. सगळी खरी, पण सगळ्यांत रडणं फार होतं आणि काय हवंय ते शेवटी कुठेतरी. मग खिशातलं काढलं. ताई, तुला सांगतो, त्या चाळीसांत तुझ्यासारखं कुणीच लिहिलं नव्हतं. ‘माझे वडील खोकला आला की तोंडावर उशी दाबून धरतात, वरच्या मजल्यावरच्यांची झोप मोडू नये म्हणून. दाराच्या तीन पायऱ्या चढताना ते दोनदा थांबतात. त्यांच्याकडे दाखला मागतात. त्यांची छाती हाच दाखला आहे, पण तो काउंटरच्या फटीतून आत सरकवता येत नाही.’ हे मी पाठ केलेलं नाही, झालंय.

स्वच्छ प्रत मीच काढली. काढताना शेवटच्या तीन ओळी गाळल्या. कुठल्या ते तुला माहीत आहे.

आणि दुसरं. कुणाचंही पत्र सभागृहात वाचायचं असेल तर आमच्याकडून त्याला एक कार्ड जातं. तुमचं पत्र नाव न घेता वाचलं तर चालेल का, ‘हो’ला एक चौकट, ‘नाही’ला एक, खाली सही. ते कार्ड परत आल्याशिवाय बाई पत्राला हात लावत नाहीत. कार्ड जायला-यायला आठ दिवस लागतात आणि भाषण सोमवारी. मी म्हटलं, घरचंच पत्र, घरचाच माणूस. ‘हो’च्या चौकटीत खूण केली आणि तुझी सही ठोकली. तुझी सही मला चांगली येते. माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची तू करायचीस आणि तू घरी नसलीस की शाळेला द्यायच्या चिठ्ठीवर तुझी मी. आपल्या घरात सही ज्याची त्यानं केली असं कधी झालंच नाही. ऑफिसात हे चालत नाही, एवढं दोन वर्षांत मला कळायला हवं होतं.

सोमवारी आम्ही सगळे बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीपुढे उभे. बाई चांगल्या बोलल्या. उशीपाशी आल्या तेव्हा आवाज चढवला नाही, उलट खाली आणला. समोरच्या बाकांवर एक जण फोनमध्ये डोकं घालून बसला होता, त्यानं मान वर केली. घंटा वाजली ती बरोबर शेवटचा शब्द संपल्यावर. क्लिपवालीनं चार वाजता तुकडा सोडला. संध्याकाळपर्यंत तीन लाख, बुधवारपर्यंत एकवीस लाख लोकांनी बघितला. भाषा न कळणारेही बघत होते, खाली अक्षरं होती. पत्रांचा ढीग इतका आला की पाय आखूड असलेलं टेबल वाकलं. मी दिवसभर पाकिटं फोडत होतो आणि प्रत्येकात ‘त्या उशीवाल्या वडिलांना’ नमस्कार होता. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटत होतं. कुणाला माहीत नसताना आपले बाबा सगळ्या देशाचे झाले होते आणि ते मी केलं होतं.

तिकडे काय झालं ते तुझ्या पानातून कळलं. बेसिनचा कारखाना, तीन पायऱ्या, वरचा मजला, एवढ्यावर गल्लीनं ओळखलं. वरची काकू खाली येऊन म्हणाली, ‘भाऊजी, खुशाल खोका हो, आम्हाला काही नाही,’ आणि बाबा दोन दिवस खोलीबाहेर आले नाहीत. मग तो बातमीदार आला. पोरगा गोड बोलला, तू चिडलेलीच होतीस. तू त्याला वहीतला कच्चा खर्डा दाखवलास. पत्र लिहायच्या आधी कच्चं लिहून बघायची तुझी सवय, किराण्याची यादीसुद्धा तू आधी कच्ची लिहितेस. कच्च्यात त्या तीन ओळी होत्या. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, प्रतिनिधींनी वाचलेलं जनतेचं पत्र त्यांच्याच ऑफिसातल्या नोकराच्या घरचं. यात तुझी काही चूक नाही. हे मी वरवरचं लिहीत नाही. तुझं पत्र, तुझी वही, ज्याला दाखवायचं त्याला तू दाखवलंस. मी फोनवर जे बोललो ते मागे घेतो.

पण त्यातून सभागृहात जे व्हायचं ते झालं. समोरच्या बाजूचा एक सदस्य उठला, पेपर हलवत म्हणाला, यांना जनता पत्र लिहीत नाही म्हणून घरच्या घरी लिहून घेतात, आणि अशा पत्रांवर आम्ही कायदे बदलायचे? हशा झाला. दुरुस्तीला हो म्हणालेले चार सदस्य दुपारपर्यंत ‘बघतो’ म्हणायला लागले. सचिवसाहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसते शर्टाच्या खिशाची दोन्ही पेनं काढून पुन्हा खिशात लावत राहिले.

बाईंनी मला आत बोलावलं. माझ्या आयुष्यात मी इतका वेळ कुणाच्या टेबलासमोर उभा राहिलो नव्हतो, मुख्याध्यापकांच्याही नाही. मूळ पत्र आणि कार्ड, दोन्ही त्यांच्यापुढे होतं. सही कुणाची ते त्यांनी विचारलं, मी माझी म्हणालो. मग त्यांनी त्या तीन ओळींवर बोट ठेवलं आणि विचारलं, या का गाळल्या? मी आधी वेळेचं काहीतरी सांगितलं, मिनिटात बसत नव्हतं वगैरे. त्यांनी बोट उचललं नाही. शेवटी म्हणालो, लाज वाटली. तेव्हा त्या म्हणाल्या, ‘लाज तुझी होती. खोटी मी पडले.’ ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला उलट बोलता आलं असतं, तू मला ओळखतेस.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सभागृहात खुलासा केला. तसा करायचा हक्क असतो सदस्याला. चारच वाक्यं. पत्र माझ्या ऑफिसातल्या माणसाच्या बहिणीचं आहे. तिची परवानगी घेतलेली नव्हती, त्याबद्दल मी तिची आणि तिच्या वडिलांची माफी मागते. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती, पण ठाऊक असणं ही माझी जबाबदारी होती. पत्रातला शब्दन् शब्द खरा आहे. माझं नाव घेतलं नाही. क्लिपवाली त्याच्याखाली हळू संगीत घालणार होती, बाई म्हणाल्या, काही घालू नकोस, कापू नकोस, आहे तसं सोड. सोडलं. अकराशे लोकांनी बघितलं. क्लिपवाली म्हणाली, माफीला गिऱ्हाईक नसतं. त्यातला एक बघणारा मी, म्हणजे हजार नव्व्याण्णव धर.

तुझ्या पानाच्या शेवटी तू लिहिलंयस, बाबांनी उशी सोडली. आता उघड खोकतात, सगळी गल्ली ऐकते, हे तुझं कर्तृत्व. ते मी पुष्कळदा वाचलं. वाकडं वाचणाऱ्यालाही ते नीट लागलं नाही. बाबा हरले म्हणून उशी सोडली की आता लपवायचं काही उरलं नाही म्हणून, हे तूही लिहिलेलं नाहीस. ते झोपतात का आता? उशी तोंडावर असताना ते झोपत नव्हते, हे मला माहीत आहे. मागच्या वेळी मी चार दिवसांची सुट्टी घेऊन आलो होतो आणि तिसऱ्या दिवशी निघालो, ऑफिसातून फोन आला म्हणून. फोन आला नव्हता. भिंतीपलीकडून तो दाबलेला आवाज यायचा, मी दोन रात्री ऐकला, तिसरी ऐकवेना. तिकडून इथे आलो आणि पहिल्याच दिवशी दोन महिन्यांचे पैसे एकदम पाठवले. तू ओळखलं असणार. म्हणून तर तू त्या तीन ओळी लिहिल्यास. ‘माझा धाकटा भाऊ आपल्याच ऑफिसात आहे. त्याला यातलं काही कळू देऊ नये ही विनंती. कळलं तर तो आणखी पैसे पाठवेल आणि आणखी कमी येईल.’ चाळीस पत्रांत इतकं खरं कुणी लिहिलं नव्हतं, आणि मी तेच गाळलं.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगतो. सोबत एक कार्ड आहे, बाईंनी दिलेलं, कोरं. हे तुला आधीच यायला हवं होतं. सभागृहात बोललेलं सगळं अधिवेशन संपल्यावर पक्क्या पुस्तकात छापतात, ते कायम राहतं. त्यात तुझं पत्र ठेवायचं की काढायचं हे तुझ्या सहीवर आहे. ‘हो’ केलंस तर पूर्ण पत्र जाईल, मी गाळलेल्या तीन ओळींसकट, तसं बाईंनी लिहून दिलंय. ‘नाही’ केलंस तर सगळं काढतील. सचिवसाहेबांचं म्हणणं होतं की कार्ड मतदान झाल्यावर पाठवू, कारण आत्ता तू ‘नाही’ म्हणालीस तर समोरचे म्हणतील, बघा, पत्रच मागे घेतलं, आणि चौदा नंबर पडेल. बाबांचा भत्ता त्यात आहे, तो पडेल. बाई म्हणाल्या, कार्ड आजच जाईल. मलाही तेच वाटतं. म्हणून तुला दोन्ही बाजू सांगितल्या, भर कुठेच घातली नाही. बाबांना वाचून दाखव आणि मग तुमचं तुम्ही ठरवा. सही मात्र तूच कर. मतदान अठरा तारखेला आहे, मी वर प्रेक्षकांच्या बाकावर बसणार आहे, पास काढलाय. ऑफिसच्या दारानं मला आता जाता येत नाही. तिथलं माझं काम बाईंनी खुलासा केला त्याच दिवशी संपलं, खोटी सही करणाऱ्याला पत्रांच्या टेबलावर ठेवता येत नाही, ते बरोबरच आहे. टेबलाखालचा अर्थसंकल्प मी तसाच राहू दिलाय. दुरुस्ती पास झाली तर बाबांना बरोबरीचे दोन कामगार लागतील शपथेवर सांगायला. भट्टीवाले काका अजून असतील, आणि तो एक डावखुरा, ज्याच्या सायकलवरून आपण पडलो होतो. त्यांना शोधायला कुणीतरी घरोघर फिरायला हवं. पाय मोकळे असलेला माणूस लागेल. नाही झाली, तरी लागेल.

तुझाच,
धाकट्या

ता. क. दर वेळी गोल पाच हजार पाठवतो. या वेळी एकोणीस तारखेचं तिकीट त्यातूनच काढलंय, म्हणून औषधाला उरले ते एवढेच. तीन हजार सहाशे चाळीस.